सामुदायिक आरोग्यात नेतृत्व करायचंय, तर पुढचं शिक्षण कुठलं, कधी आणि कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सामुदायिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून चार वर्षं झाली, घरभेटी आणि लसीकरण सांभाळलं. आता कार्यक्रम चालवायच्या, निर्णय घ्यायच्या जागेवर जायचंय. त्यासाठी मास्टर्स करावं का? केलं तर एमपीएच (सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स), एमएचए (आरोग्यसेवा आणि रुग्णालय प्रशासनाचं) की एमबीए? नोकरी सोडून की सांभाळून? आणि वय तेहतीस आहे, उशीर तर झाला नाही ना?

मीही नर्सिंगमधूनच आले. सहा वर्षं घरभेटी केल्या, मग एमपीएच केलं आणि त्यानंतरची अठरा वर्षं कार्यक्रम चालवण्यात गेली. नेमणुकीच्या मुलाखतीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. म्हणून आधी सरळ उत्तर देते, मग त्याची फोड करते. मास्टर्स करा. तुमच्यासाठी एमपीएच, पण त्यात व्यवस्थापन आणि हिशेबाचे विषय जितके घेता येतील तितके घ्या. नोकरी शक्य तोवर सोडू नका. वयाचं म्हणाल तर तेहतीस म्हणजे या क्षेत्रात ऐन उमेदीचं वय. बाविसाव्या वर्षी येणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

आता फोड. पदवीने नेतृत्वगुण येतात असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. माणसं सांभाळणं, भांडण मिटवणं, वरच्याला नाही म्हणणं हे कुठल्याही सेमिस्टरमध्ये येत नाही. पदवी एक गोष्ट मात्र पक्की करून घेते. कामावर असताना ती आपसूक यायला दहा वर्षं लागतात, आणि बऱ्याच जणांना तरीही येत नाही. ती म्हणजे छेदाकडे बघायची सवय.

शाळेतला अपूर्णांक आठवा, वर अंश आणि खाली छेद. दवाखान्यात काम करताना आपल्याला दिसतो तो अंश: दारातून आत आलेली माणसं. आज ओपीडी किती झाली, किती जण बरे झाले, कितींना पुढे पाठवलं. सामुदायिक आरोग्याचा सगळा कारभार मात्र छेदावर असतो. यायला हवी होती पण आली नाहीत, ती माणसं आपल्या रजिस्टरमध्ये नसतात. नर्स म्हणून तुम्ही समोरच्या बाईची जबाबदारी घेता. कार्यक्रमप्रमुख झालात की न आलेल्या बाईचीही जबाबदारी तुमचीच, आणि तिचं तर नावही तुम्हाला ठाऊक नसतं.

गोवराचं उदाहरण घेऊ, कारण हा प्रसंग लसीकरण चालवणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. साथ आली आहे. आजारी मुलांची यादी काढली तर पाचातल्या एकाने लस घेतलेली आहे. पालक चिडलेत: लस देऊनही गोवर होतो, मग द्यायची कशाला? तुमच्या कार्यकर्त्यांकडे उत्तर नाही आणि त्या तुमच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी कागद पुढे ओढायचा. एक हजार मुलं धरा. त्यातल्या ८०० जणांना एक डोस मिळालाय. वर्षाच्या मुलाला दिलेला एक डोस साधारण ९३ टक्के मुलांना संरक्षण देतो. म्हणजे ८०० पैकी ५६ मुलं लस घेऊनही उघडी, म्हणजे संरक्षणाशिवाय, राहिली. लस न घेतलेली २०० तर उघडीच. एकूण २५६. साथ फिरणार ती या २५६ मुलांत, आणि त्यातली ५६, म्हणजे २२ टक्के, लस घेतलेली असणार. यादी खरी आहे आणि लसही चोख आहे.

आता पुढची पायरी बघा. ८०० ऐवजी ९५० मुलांना लस दिली असं धरू. लस घेऊन उघडी राहिली ती ६७, न घेतलेली ५०, मिळून ११७. आता साथ आली तर आजारी मुलांपैकी ५७ टक्के लस घेतलेली निघतील! तुमचं काम जितकं चांगलं, तितकी ही टक्केवारी वाईट दिसणार. उघडी मुलं मात्र २५६ वरून ११७ वर आली, आणि महत्त्वाचा आकडा तोच. गणित पाचवीच्या पलीकडचं नाही. पण चिडलेल्या पालकांपुढे, प्रोजेक्टर नसताना, फळ्यावर खडूने ते मांडता येणं आणि दुसऱ्याच दिवशी निधी देणाऱ्यांच्या बैठकीत तेच वेगळ्या शब्दांत सांगता येणं, यासाठी साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कुणात, कुठे आणि किती पसरतो याचं शास्त्र, अंगात मुरावं लागतं. वर्गात ते मुरतं, कारण तिथे चुकलं तर फक्त मार्क जातात.

मला हे उशिरा कळलं. पहिल्या नोकरीत एका तिमाही आढाव्यात आमच्या भागाचं लसीकरण १०४ टक्के झाल्याचं जाहीर झालं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. शंभरातल्या एकशे चार मुलांना लस कशी दिली, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. खालचा आकडा कित्येक वर्षांपूर्वीच्या जनगणनेवरून काढलेला होता आणि वरच्या आकड्यात शेजारच्या भागातून आलेली मुलंही मोजली होती. खरं प्रमाण किती होतं, हे आजतागायत मला माहीत नाही. त्याच वर्षी आमच्याकडे गोवर आला.

सामुदायिक आरोग्यात ज्यांची नावं घेतली जातात, त्यांनी शिक्षणाचं नेमकं काय केलं हे बघितलं तरी हेच दिसतं. राणी आणि अभय बंग या डॉक्टर जोडप्याने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ पासून ते गडचिरोलीत काम करू लागले. राणी बंग आधीपासून स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, तपासणीला येणाऱ्या बायका त्यांना दिसतच होत्या. त्यांनी प्रश्न मात्र न येणाऱ्या बायकांचा विचारला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तक्रार असो वा नसो. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधीही तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. यात नवं यंत्र नव्हतं की नवं औषध नव्हतं, छेद तेवढा बदलला होता. पुढे नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग करतानाही त्यांनी ३९ गावांत काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. १९९९ मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने बालमृत्यू, तेही पहिल्या महिन्यातले, ६२ टक्क्यांनी कमी. तुलनेची गावं नसती तर ती एक चांगली सामाजिक सेवा म्हणून राहिली असती. ती होती म्हणून जगाला दखल घ्यावी लागली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली, त्यामागे अशाच पुराव्यांचं बळ होतं.

त्याच विद्यापीठातून त्याआधी शिकून आलेलं दुसरं जोडपं म्हणजे रजनीकांत आणि मेबल आरोळे. त्यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि आरोग्याचं ज्ञान गावातल्या बायकांच्या हाती दिलं. त्यांच्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या. उच्चशिक्षण घेऊन आलेल्याने आपलं काम खालच्या माणसाला शिकवून मोकळं व्हायचं, हा धडा पदवीच्या अभ्यासक्रमात आजही धड नसतो.

तिसरं उदाहरण लांबचं आहे, पण नेतृत्वाच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. सिडनी आणि एमिली कार्क यांनी १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे सामुदायिक आरोग्य केंद्र उभं केलं. १९५७ मध्ये जॅक गायगर नावाचा अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी तिथे काही महिने राहून आला. आठ वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याने अमेरिकेतल्या पहिल्या दोन सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी सरकारी निधी मिळवला. त्यातलं एक होतं मिसिसिपीतल्या माउंड बायू इथलं. तिथे कुपोषित मुलं येत, तेव्हा डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून देत. किराणा दुकानं ते देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्यात लागे. वरून विचारणा झाली, की औषधाच्या पैशांतून हे काय चाललंय? गायगर यांचं म्हणणं साधं होतं: कुपोषणावरचा उपचार अन्नच असतो. तिथल्या समाजसंघटनेचं काम जॉन हॅच बघत. ते डॉक्टर नव्हते, समाजकार्यातले होते. अन्नवाटप कायमचं चालणार नाही हे ओळखून लोकांना बरोबर घेऊन सहकारी शेती उभी राहिली.

हे सविस्तर सांगायचं कारण तुमच्या ‘एमपीएच की एमएचए’ या प्रश्नात आहे. माउंड बायूत एकाच वेळी तीन कामं चालली होती. मुलं कुपोषित का होतात हे ओळखणं, म्हणजे एमपीएचचा प्रांत. औषधखात्यातून अन्नाचं बिल निघेल अशी हिशेबाची वाट काढणं, म्हणजे एमएचए किंवा एमबीएचा. आणि शेतमजुरांना एकत्र आणून त्यांची स्वतःची संस्था उभी करणं, म्हणजे एमएसडब्ल्यूचा, समाजकार्याच्या मास्टर्सचा. म्हणून पदवीच्या नावावर घोळत बसू नका. पाच वर्षांनी तुमच्या टेबलावर कुठले कागद यावेत असं वाटतं ते ठरवा, पदवी त्यावरून ठरेल. कुठल्या वस्तीत कार्यकर्ती नेमायची, कुठला आजार आधी घ्यायचा, कार्यक्रम लागू पडतोय का, हे कागद हवे असतील तर एमपीएच. पगारपत्रक, विम्याची बिलं, इमारत, खरेदी, लेखापरीक्षण हे हवं असेल आणि एखाद्या मोठ्या केंद्राचं प्रमुखपद डोळ्यासमोर असेल, तर एमएचए. साधं एमबीए मी शेवटी ठेवते. ते वाईट नाही, पण त्यातली बरीचशी उदाहरणं ग्राहक आपणहून येतो असं धरून चालतात. आपला ‘ग्राहक’ येत नाही, हीच तर आपली अडचण. नर्सिंगमधलं मास्टर्स, त्यात सामुदायिक आरोग्य विशेष विषय म्हणून, हा रस्ताही चांगला आहे. शिकवण्याकडे किंवा नर्सिंग सेवेच्या वरिष्ठ पदांकडे जायचं असेल तर तोच जवळचा. मात्र नर्सिंगबाहेरच्या माणसांवर, म्हणजे डॉक्टर, लेखापाल, क्षेत्र-समन्वयक यांच्यावर देखरेखीचं पद हवं असेल, तर एमपीएच जास्त दारं उघडतं.

डॉक्टरेटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक वाक्य: पीएचडी नवं ज्ञान काढणाऱ्यासाठी असते, डीआरपीएच (सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरेट) संस्था आणि धोरण चालवणाऱ्यासाठी, आणि दोन्हींचा विचार मास्टर्सनंतर निदान पाच वर्षांनी करा.

एमपीएचमध्ये काय असतं, तर जगभर गाभा साधारण सारखाच: जीवसांख्यिकी (आरोग्याचं आकडेशास्त्र), साथरोगशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन, आणि सामाजिक-वर्तनविषयक शास्त्र. काही देशांत हे एका वर्षात उरकतं, काही ठिकाणी दोन वर्षं लागतात. नर्सिंगहून येणारे आकडेशास्त्राला घाबरतात आणि व्यवस्थापन सोपं समजून सोडून देतात. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. आकडेशास्त्र मेहनतीने येतं. अंदाजपत्रक वाचायला मात्र मी शिकले नाही आणि ते पहिल्या वर्षी चांगलंच अंगाशी आलं. घरभेटींची संख्या दुप्पट करायची होती, मी खर्चही दुप्पट धरून मागणी केली. समोर बसलेल्या हिशेबनीसाने एकच प्रश्न विचारला: यातला पगार आणि गाडीभाडं भेटी वाढल्या तरी तेवढंच राहणार ना? मग दुप्पट काय होतंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत असतो. तो विषय मी ऐच्छिक म्हणून टाळला होता.

त्याहून मोठी चूक पुढची. पदवी घेऊन परतले ती अगदी भारावून. उच्च रक्तदाबाच्या घरभेटींसाठी मी चार पानी फॉर्म तयार केला. संरचना, प्रक्रिया, परिणाम अशी दर्जा मोजायची चौकट अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडली होती, ती मी त्या फॉर्ममध्ये जशीच्या तशी ओतली. तीन महिन्यांनी माहिती संगणकावर चढली. बघते तर ओळीने १२०/८०, १३०/८०, १२०/८०, १४०/९०. शेवटचा आकडा जवळपास सगळीकडे शून्य. रक्तदाब मोजताना माणूस गोल आकड्याकडे झुकतो हे मी वर्गात शिकले होते, त्याला शास्त्रीय नावही आहे. मी मोठ्या अभिमानाने मासिक बैठकीत तो आलेख दाखवला आणि ‘मोजमापातली त्रुटी’ यावर दहा मिनिटं बोलले. कार्यकर्त्या खाली मान घालून ऐकत होत्या. बैठक संपल्यावर त्यांच्यातली सगळ्यांत जुनी बाई थांबली. म्हणाली, "ताई, त्या बीपीच्या पट्ट्यातली हवा दोन महिन्यांपासून गळतेय. सांगितलं होतं, पण फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नव्हती."

चार पानांत जागा नव्हती. त्या फॉर्मचं पुढे एक पान केलं. तळाला एक मोकळी चौकट ठेवली, तिथे ‘आज काय अडलं?’ एवढंच छापलं. पुढची कित्येक वर्षं मी महिन्याच्या शेवटी आधी ती चौकट वाचायचे, मग आकडे. आलेख वाचायला पदवीने शिकवलं हे खरंच. आलेख तसा का आलाय हे विचारायला कुणाकडे जायचं, ते शिकायचं राहून गेलं होतं. म्हणून म्हणते, चार वर्षं घरभेटी करून वर्गात जाणं ही तुमची जमेची बाजू आहे. गळका पट्टा तुम्ही हाताळलेला आहे.

आता पूर्णवेळ की नोकरी सांभाळून. पैशाचा ताण नसेल आणि देश किंवा विषय बदलायचा असेल तर पूर्णवेळ. बाकी बहुतेकांना मी अर्धवेळ किंवा दूरशिक्षण सुचवते. त्याचं कारण फी हे नाहीच. नोकरीत असताना प्रत्येक असाइनमेंट आपल्याच कामावर करता येते. साथरोगशास्त्राच्या पेपरसाठी आपल्याच केंद्राचा क्षयरोगाचा आकडा घ्या, धोरणाच्या पेपरसाठी आपल्याच जिल्ह्यातला नियम. संस्थेची लेखी परवानगी मात्र घ्या आणि रुग्णांची नावं, पत्ते बाहेर जाऊ देऊ नका. एक चांगली विद्यार्थिनी याच बाबतीत अडचणीत आलेली मी पाहिली आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनसारख्या नामांकित संस्थाही सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स दूरशिक्षणाने देतात, त्यामुळे ‘ऑनलाइन म्हणजे दुय्यम’ हा समज सोडा. दूरशिक्षणात एक नुकसान मात्र खरं आहे, सोबतीचं. माझ्या वर्गातले सहा जण आजही एकमेकांना अडीनडीला फोन करतात, आणि माझ्या दोन नोकऱ्या त्या फोनांतून आल्या. ऑनलाइन करणार असाल तर वर्गातल्या तिघा-चौघांशी ठरवून ओळख वाढवा, ती आपोआप होत नाही.

महाविद्यालय निवडताना क्रमवारीच्या यादीत फार वेळ घालवू नका. अधिस्वीकृती आहे का एवढं बघा. अमेरिकेत हे काम सीईपीएच करते, युरोपात एपीएचईए, तुमच्या देशात जी यंत्रणा असेल तिचा शिक्का हवा. मग तिथल्या कार्यालयाला नव्हे, तर दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठा. त्यांना विचारा: प्रात्यक्षिकासाठी कुठे पाठवलं होतं, आणि तिथे तुम्ही खरंच काही ठरवलंत की फक्त अहवाल टाइप केलात? शिकवणाऱ्यांपैकी कितींनी स्वतः कधी एखादा कार्यक्रम चालवलाय? आज तुम्ही कुठे आहात? या तिसऱ्या प्रश्नाला अडखळत उत्तर आलं तर तिथला नाद सोडा. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या एका आयोगाने आरोग्य व्यावसायिकांच्या शिक्षणाचे तीन स्तर सांगितले होते: माहिती देणारं, व्यावसायिक घडवणारं आणि परिवर्तन घडवणारं. नेते तिसऱ्या स्तरावर तयार होतात असं त्यांचं म्हणणं. माहितीपत्रकं तिसऱ्याची भाषा करतात, वेळापत्रक उघडून बघितलं तर बऱ्याच ठिकाणी पहिलाच असतो. वेळापत्रक मागून घ्या.

अर्जासोबतचं उद्देशपत्र हा आणखी एक अडथळा. निवड समितीवर असताना मी असे अर्ज गठ्ठ्याने वाचले आहेत. "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे" ही सुरुवात इतक्या वेळा येते की डोळा आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातो. त्याऐवजी अशी सुरुवात करा: "आमच्या केंद्रात पहिल्या तपासणीला आलेल्या दर दहा गरोदर बायकांपैकी चार जणी चौथ्या तपासणीला दिसत नाहीत. त्या कुठे जातात हे मी शोधायचा प्रयत्न केला आणि दोन ठिकाणी अडले." आकडे अर्थात तुमचे असू द्या. कुठे अडलात ते मोकळेपणाने लिहा, कारण शिकायला का यायचंय याचं उत्तर तिथेच असतं. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाचं असावं हा आग्रहही सोडा. ज्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय, त्यांच्याकडून घ्या.

पैशाबद्दल एवढंच सांगते: सामुदायिक आरोग्यातल्या पगारावर मोठं शैक्षणिक कर्ज फेडणं जड जातं. ते फेडायला मग माणसं खासगी रुग्णालयात किंवा सल्लागार कंपनीत जातात आणि पाच वर्षांसाठी म्हणून गेलेले परत येत नाहीत. त्यात गैर काही नाही, पण मग हा सगळा खटाटोप कशासाठी? शिष्यवृत्त्या नीट धुंडाळा. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमचा केव्हाच झालाय. त्यांची शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे, ती लक्षात ठेवा. आणि आपल्याच संस्थेला विचारायला लाजू नका. अर्धी फी द्यायला तयार होणाऱ्या संस्था असतात. त्या बदल्यात बाँड मागतात, तर त्यात किती वर्षं आणि कुठल्या पदावर हे दोन्ही लिहून घ्या. ‘कुठल्या पदावर’ हे लिहून न घेतल्यामुळे माझी एक मैत्रीण एमपीएच होऊन दोन वर्षं त्याच जुन्या टेबलावर बसली.

नेतृत्वाची जागा मिळाल्यावर आपण नेमके कुणाला बांधील असतो, याचाही थोडा विचार आत्ताच करून ठेवा. अमेरिकेतल्या सरकारी अनुदानाच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत नियामक मंडळाचे निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के सदस्य त्या केंद्राचे रुग्णच असावे लागतात. म्हणजे सकाळी ज्यांचा रक्तदाब तपासला, संध्याकाळी त्यांच्यासमोर उभं राहून अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं. सगळीकडे असा नियम नसतो. पण तो आपल्याला लागू आहे असं धरून एकदा तुमच्या केंद्राचा वार्षिक अहवाल वाचून बघा, कुठली पानं दाखवायला नको वाटतात ते कळेल. प्रबंधासाठी विषय हवा असेल तर त्याच पानांत सापडेल.

प्रवेशाला अजून सहा-आठ महिने असतील तर तयारी फुकटात होते. आकडेशास्त्रासाठीचं आर (R) हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते हाताळा. आणि एक वस्ती निवडून घरोघर जाऊन यादी करा, रजिस्टरमधली नावं तिच्याशी ताडून बघा. शंभर घरं पुरेत. चार शनिवार लागतील आणि पहिल्या सेमिस्टरचं निम्मं साथरोगशास्त्र समजून जाईल.

वयाचं मगाशी सांगितलंच, तरी एक आठवण सांगते. आमच्या वर्गात एक्कावन्न वर्षांच्या एक बाई होत्या, बावीस वर्षं आरोग्यसेविकेचं काम करून आलेल्या. संगणक त्यांना मी शिकवायचे, बाकी सगळं त्या मला. जीवसांख्यिकीच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘लोकसंख्या: १,०००’. बाईंनी हात वर केला आणि विचारलं, "सर, यात पुलाखाली राहणारे धरलेत का?" सर थोडं थांबले आणि म्हणाले, की हे काल्पनिक उदाहरण आहे. बाई म्हणाल्या, "तरी पण."